सुटा पार्ट मिळणार नाही

मागच्या आठवड्यात गिरणीसमोर एक मोटारसायकल थांबली. डोक्यावरचं हेल्मेट न काढताच त्या माणसानं विचारलं, "मावशी, अजाबराव सायकलवाले इथेच ना?"

मी म्हटलं, इथेच होते. आता तिथे मोबाईलची काच बदलून देतात.

त्यांच्याकडे जुने विलायती पार्ट होते असं ऐकलं, म्हणाला, काही शिल्लक असेल का? मी म्हटलं, काही शिल्लक नाही, आणि असतं तरी त्यांनी तुला दिलं नसतं. म्हातारी चिडकी आहे असं त्याला वाटलं असेल. आहेच मी चिडकी. अजाबभाऊंचं नाव निघालं की जरा जास्त होते.

अमरावतीत गांधी चौकाच्या मागच्या बोळीत आमची पिठाची गिरणी आहे. नवरा गेल्यापासून मीच चालवते. भिंतीला लागून अजाबभाऊंचं सायकलचं दुकान होतं आणि दुकानाच्या वरच्या खोलीत ते आणि इंदूबाई राहायचे. मधल्या भिंतीतली एक वीट निघालेली होती. त्या भोकातून माझं पीठ त्यांच्या ग्रीसमध्ये जायचं आणि त्यांचं ओरडणं माझ्या कानात यायचं. वीट बसवायची असं आम्ही दोघंही दर दिवाळीला म्हणायचो.

उंच, वाळका माणूस. सायकलवर वाकून वाकून पाठीला बाक आला होता. बोलताना तोंडात नेहमी काहीतरी असायचं, स्क्रू, नट, नाहीतर बेरिंगचे छर्रे. त्यामुळे त्यांचं अर्धं बोलणं कळायचं नाही, आणि जे कळायचं ते गिऱ्हाइकाला आवडायचं नाही. एकदा बोलता बोलता छर्रा गिळला. इंदूबाईनं केळी खाऊ घातली आणि वरच्या खिडकीतून साऱ्या बोळीला ऐकू जाईल अशी म्हणाली, "आता यायचा चालतानी आवाज येनार नाई!"

सायकलला ते गाडी म्हणत. मोटारसायकलला फटफटी. कारला काहीच म्हणत नसत.

दुकानाबाहेर हवा भरायचा पंप ठेवलेला असे. हवा फुकट. पण हवा भरून झाल्यावर व्हॉल्व्हचं टोपण जो लावणार नाही त्याची खैर नसे. शाळेतल्या पोरी घाईत निघून जायच्या आणि हे हातात टोपण घेऊन बोळीच्या तोंडापर्यंत मागे धावायचे. एकदा एका पोलिसाच्या मागेही धावले. पोलिसाला वाटलं, हा तक्रार द्यायला येतोय. त्यानं सायकल आणखी जोरात हाणली.

दुकानाच्या दारावर पत्र्याची एक पाटी होती. त्यांनीच रंगवलेली, अक्षरं शेवटी शेवटी जागा पुरली नाही म्हणून बारीक झालेली. "सुटा पार्ट मिळणार नाही. गाडी आणावी."

म्हणजे असं की तुम्हाला पेडल पाहिजे, ब्रेकचे रबर पाहिजेत, साधा एखादा नट पाहिजे, तर सायकल घेऊन या. ते बसवून देणार. हातात देणार नाहीत. फार पूर्वी कोणीतरी ब्रेक नेऊन घरी बसवला, उलटा बसवला, उतारावर पडला आणि पडलेले पुढचे दात हातात घेऊन यांच्याशी भांडायला आला. तेव्हापासून ही पाटी. चांगल्या चालत्या दुकानाचं या पाटीनं वाटोळं केलं. लोक पुढच्या चौकातल्या दुकानातून पार्ट नेऊ लागले. तिथे सगळं सुटं मिळायचं, आणि माणूस हसून बोलायचा.

एकदा एक बाई आली. तिचा सासरा अंथरुणाला खिळलेला. हाक मारायलाही आवाज निघत नव्हता. उशाशी ठेवायला तिला सायकलची घंटी पाहिजे होती, म्हाताऱ्यानं वाजवली की ही स्वयंपाकघरातून येईल. अजाबभाऊ म्हणाले, "गाडी कुठी आहे?"

"गाडी नाई जी. सासऱ्याले पायजे."

"घंटी हँडलले असते बाई. उशीले नसते."

मी भिंतीच्या भोकातून ऐकत होते. राहवलं नाही, तशीच पिठाच्या हातानं बाहेर आले. म्हटलं, "अजाबभाऊ, लाज आहे का? म्हाताऱ्याले सायकलीवर बसवून आनू का आता?"

ते उठले, आत गेले, भंगारातून एक जुनं वाकडं हँडल काढलं, त्याला घंटी कसून बसवली, वाजवून पाहिली, थोडं तेल सोडलं, पुन्हा वाजवली आणि ते अख्खं हँडल त्या बाईच्या हातात दिलं. हँडलचे पैसे घेतले नाहीत. घंटीचे आणि बसवण्याचे घेतले. ती बाई हँडल धरून बोळीतून गेली तेव्हा पोरं हसत होती. म्हातारा गेला तोपर्यंत ते हँडल उशाशी घेऊन झोपायचा म्हणे. लोक हा किस्सा कौतुकानं सांगतात. मला त्यात कौतुकाचं काही दिसत नाही. घंटी हातात दिली असती तरी ती वाजलीच असती.

आता त्या विलायती पार्टबद्दल, हबबद्दल.

सायकलच्या मागच्या चाकाच्या मधोमध जो जाड गोळा असतो, ज्यात सगळ्या तारा अडकवलेल्या असतात, त्याला हब म्हणतात. अजाबभाऊंकडे एक विलायती हब होता, त्याच्या पोटात तीन गिअर होते. इंग्रजांच्या वेळचा. ते तरुणपणी अकोल्याला कापूस बाजाराजवळ रहमान उस्तादांच्या हाताखाली शिकले. उस्ताद दुकान बंद करून मुलाकडे निघाले तेव्हा तो हब यांच्या हातावर ठेवून गेले. कोण्या कापसाच्या जिनिंगच्या साहेबाच्या सायकलीचा होता म्हणत. आमच्या सपाट मुलखात गिअर लागतो कोणाला? तो बिस्किटाच्या डब्यात पडून राहिला. दसऱ्याच्या आदल्या दिवशी हत्यारांची पूजा करताना तेवढा बाहेर निघायचा. पाने, पक्कड, हातोडी यांच्या रांगेत मधोमध त्याला बसवायचे, हळद-कुंकू वाहायचे, आणि परत डब्यात. त्याच्या गंजात हळद बसून गेली होती.

इंदूबाईचे गुडघे गेले तेव्हा या हबची आठवण निघाली. उजवा गुडघा फार वाईट होता. खोलीत वर जायचा जिना अरुंद आणि उभा. पोळ्यानंतर जी ती वर गेली, ती दिवाळी आली तरी खाली उतरली नव्हती. खिडकीतून दोरीला पिशवी बांधून सोडायची. भाजीवाला त्यात भाजी टाकायचा, मी पीठ टाकायची. पिशवी वर ओढताना तोंडानं सगळ्या बोळीची खबर घ्यायची. पायानं कुठे जाता येत नव्हतं म्हणून तोंड चालवायची, दुसरं काय करणार? डॉक्टर वर येऊन पाहून गेला, म्हणाला, गुडघा बदला. आधी उजवा, मग पाहू.

त्यांची मुलगी वर्षा अकोल्याला दिलेली. ती दिवाळीला आली तेव्हा तिनं हबचा फोटो काढून फोनवर टाकला. जुन्या सायकली जमवणाऱ्या लोकांचा तिथे एक ग्रुप असतो म्हणे. दुसऱ्याच दिवसापासून फोन सुरू. वर्षानं आईला सांगितलं, "आई, तुह्या एका गुडघ्याचं होऊन जाते यात."

इंदूबाईनं ते खिडकीतून मला सांगितलं. खाली दुकानातल्या डब्याकडे बोट दाखवून म्हणाली, "मायबाई, मी आजवर याच्यावर हळद वाहत होती. माहाच गुडघा व्हता थो!"

पहिला आला तो पुण्याचा. सभ्य माणूस, खोटं कशाला बोलू. पांढरे हातमोजे घालून त्यानं हब हातात घेतला, बॅटरी मारून, भिंग लावून पाहिला. त्याच्यावर बारीक अक्षरं होती ती त्यानं वाचून दाखवली. कंपनीचं नाव होतं, साल होतं. अजाबभाऊंनी इतकी वर्षं ते कधी वाचलं नव्हतं. मग त्यानं किंमत सांगितली. मी दारातच उभी होते. गुडघा होऊन वर औषधपाण्यालाही उरलं असतं.

अजाबभाऊ म्हणाले, "गाडी आना."

"कोणती गाडी?"

"ज्या गाडीले लावाचा आहे, थे."

तो हसला. त्याला वाटलं गंमत आहे. "अहो काका, ती सायकल पुण्याला माझ्या भिंतीवर आहे."

"मंग उतरवा."

"चालवायची नाहीये हो ती. नुसती बघायला ठेवलीय."

"नुसती पाह्याले ठेवली तं हब कशाले पायजे? लाकडाचा गोल तुकडा लावा, काया रंग मारा. दुरून कोनाले समजून राह्यलं?"

वरून इंदूबाई ओरडली, "देऊन टाका ना जी तो गोळा! मी का संगं घेऊन जाईन का त्याले?"

तो बिचारा वर पाहून म्हणाला, "मावशी, तुम्हीच सांगा यांना."

"माहं ऐकत असते तं हे पाटी कईच उतरली असती भाऊ," ती म्हणाली.

तासभर घासाघीस झाली. किमतीवर नाही, सायकल आणण्यावर. शेवटी तो माणूस बोळीबाहेर उभ्या कारमध्ये बसून निघून गेला. मी गिरणी बंद केली आणि अजाबभाऊंसमोर जाऊन उभी राहिले. म्हटलं, "तुमची पाटी मोठी का बायकोचा गुडघा मोठा?"

तोंडातला स्क्रू काढून ते म्हणाले, "पाटीचं नाई वैनी. थो नेऊन आपल्या हातानं बसवन. उलटासुलटा बसवन. आतमधी आवाज कराले लागला का मले पुन्याहून फोन करन."

"भिंतीवरच्या सायकलीत आवाज कुठून येईन?"

त्यांनी स्क्रू परत तोंडात टाकला. त्यांना मुद्दा सुचत नव्हता असं नाही. त्यांच्या डोक्यात भिंतीवरची सायकल बसतच नव्हती. त्यांच्या लेखी प्रत्येक गाडी उद्या सकाळी कोणीतरी कामावर घेऊन जाणार होतं.

वर्षा हुशार. तिनं बापाशी भांडण केलं नाही. अकोल्याचे एक देशमुख साहेब शोधून काढले, नोकरीतून रिटायर झालेले, घरभर जुन्या सायकली. त्यांच्याकडे अगदी त्याच काळातली सायकल होती आणि मागच्या चाकातला मूळ हब गेला होता, भलताच बसवलेला. ते म्हणाले, काही हरकत नाही, अजाबरावांनीच अकोल्याला यावं आणि आपल्या हातानं बसवून द्यावा. आता गाडीही होती, बसवायचंही होतं. अजाबभाऊ लगेच तयार झाले. दाढी केली.

इंदूबाईनं मला वर बोलावलं. पाय लांब करून बसली होती, गुडघ्याला ओवा बांधलेला. म्हणाली, "तुमी संगं जा बाई. हे एकटे गेले तं चहा पिऊन वापस येतीन."

मी दिवसभर गिरणी बंद ठेवून गेले. एस.टी.त बिस्किटाचा डबा त्यांनी मांडीवर घेतला होता आणि हत्यारांची पिशवी पायाशी. मूर्तिजापूरला बस थांबली तेव्हा मी आलुबोंडा आणला. तो त्यांनी एका हातानं खाल्ला, दुसरा हात डब्यावर.

देशमुखांचं घर चांगलं मोठं. हॉलमध्ये बसायला जागा नाही, भिंतींना तारांनी सायकली टांगलेल्या. देशमुखबाई मला म्हणाल्या, "या बसा. डोकं सांभाळा, पेडल लागते. माही शिलाई मशीन बाल्कनीत गेली आहे यायच्या पायी." मला बाई आवडल्या.

देशमुखांनी हब हातात घेतला आणि त्यांचा चेहरा असा झाला की मी दुसरीकडे पाहिलं. त्या बारीक अक्षरांवरून बोट फिरवत होते. "हेच, हेच," म्हणत होते. गंजातली हळद पाहून म्हणाले, "हे काय?" मी सांगितलं, पूजा. तेव्हा ते फारच खूश झाले. म्हणाले, हेही राहू दे, असंच पाहिजे. मग त्यांनी आतून पाकीट आणलं आणि आमच्यासमोर टेबलावर ठेवलं. पूर्ण रक्कम. "काम झालं की हे तुमचं," म्हणाले.

मी त्या पाकिटाकडे पाहत होते. मनात म्हणत होते, इंदू, आता उतरशील खाली.

अजाबभाऊंनी सायकल भिंतीवरून उतरवून घेतली, उलटी उभी केली, चाक काढलं. मग म्हणाले, या मापाच्या तारा माझ्याजवळ नाहीत, थोड्या आखूड लागतील. माप लिहून दिलं. देशमुख म्हणाले, मी स्वतः घेऊन येतो, येताना कचोरीही आणतो. ते गेले. देशमुखबाई आत स्वयंपाकाला लागल्या.

कोणताही पार्ट बसवण्याआधी अजाबभाऊ तो खोलून साफ करायचे. पेडल असो नाहीतर घंटी. मळका पार्ट त्यांनी कधी कोणाच्या गाडीला लावला नाही. तिथेही त्यांनी तेच केलं. हब खोलला, आतले दाते रॉकेलमध्ये धुतले, पुसले, नवं ग्रीस भरलं. मग पिशवीतून पॉलिश पेपर काढला आणि वरून घासायला बसले. आधी जाड, मग बारीक. गंज गेला, हळद गेली. काळपट गोळा होता तो चांदीसारखा निघाला. मी शेजारीच बसले होते आणि मला त्यात काही वावगं दिसलं नाही; 'राहू दे' हे देशमुखांचं मी नुसतं कौतुकाचं बोलणं समजले होते. दुसऱ्याच्या घरी वस्तू द्यायची तर घासूनपुसूनच देतात. शेजारणीची वाटी आपण खरकटी परत करतो का?

देशमुख आले. एका हातात तारा, एका हातात कचोरीचा पुडा. हब पाहिला आणि दारातच थांबले.

"हे काय केलं, अजाबराव?"

"साफ केला."

त्यांनी पुडा खाली ठेवला. हब उचलला, उजेडात नेला, फिरवून फिरवून पाहिला. भिंग आणलं. अक्षरं नव्हती. साल नव्हतं. एका ठिकाणी अर्धा आकडा राहिला होता, तो चार होता का नऊ होता तेही कळत नव्हतं. ते तिथेच फरशीवर बसले.

"नाव होतं ना हो त्याच्यावर."

"नाव काय कराचं साहेब? थांबा, बसवून दाखवतो. फिरवून पाहा मंग."

आणि बसवलं की त्यांनी. कोणी पुढे काही बोललं नाही म्हणून त्यांना वाटलं, काम चालू ठेवायचं. सारी दुपार त्या चाकात गेली. एक एक तार ओवली, कसली, चाक फिरवून डोलतंय का ते पाहिलं, पुन्हा कसली. देशमुख सोफ्यावर बसून नुसते पाहत होते. कचोरी गार झाली. देशमुखबाईंनी जेवायला हाक मारली, कोणी उठलं नाही.

शेवटी चाक बसलं. अजाबभाऊंनी पेडल हातानं एकदा फिरवलं आणि सोडलं. चाक फिरत राहिलं. टिक टिक एवढाच आवाज. किती वेळ फिरलं देव जाणे, थांबायलाच तयार नव्हतं.

देशमुख म्हणाले, "मी तुमच्याशी खोटं बोलणार नाही, अजाबराव. काम फार सुंदर केलं तुम्ही. पण आता त्याची ती किंमत राहिली नाही. ज्याच्यासाठी किंमत होती, ते घासलं गेलं. तरी मी काही देतो." त्यांनी पाकिटातून बऱ्याच नोटा काढून घेतल्या आणि उरलेलं पुढे केलं. अगदीच थोडं नव्हतं ते. गुडघा झाला नसता, पण काही तरी झालं असतं.

अजाबभाऊ कापडानं हात पुसत होते. "म्हनजे खराब झाला म्हनता."

"खराब असं नाही..."

"तुमच्या कामाचा नाई राह्यला ना?"

देशमुखांनी पाकीट टेबलावर ठेवलं.

"मंग त्याचे पैसे मी नाई घेत. गिऱ्हाईक माल खराब म्हनते तं पैसे नाई घेत मी. चाक भराची मजुरी द्या."

मी म्हटलं, "अजाबभाऊ, डोकं फिरलं का? नाई घ्याचे तं हब खोलून वापस न्या. दुसऱ्याले देऊ."

"बसवलेला पार्ट खोलाचा नसते वैनी."

देशमुख भला माणूस. त्यांनी पाकीट माझ्याकडे केलं. मी हात पुढे केलाच होता. अजाबभाऊ नुसतं "वैनी" म्हणाले, तेही हळू. माझा हात तसाच होता, पण देशमुखांनी त्यांचा मागे घेतला. तेही तसलेच निघाले. मग खिशातून त्यांनी मजुरीचे पैसे दिले आणि यांनी ते कपाळाला लावून घेतले. देशमुखबाईंनी मला स्वयंपाकघराच्या दारातून पाहिलं.  बायकांना बोलायला जागाच नव्हती तिथे.

परतीच्या बसमध्ये मी खिडकीकडे तोंड करून बसले. मूर्तिजापूर मागे पडलं. मग म्हणाले, "चाक पाह्यलं का वैनी? पान्यासारखं फिरत होतं."

मी म्हटलं, "इंदू फिरन का आता पान्यासारखी?"

 

घरी आलो. इंदूबाई खिडकीत बसूनच होती. ते वर गेले आणि सरळ मोरीत हात धुवायला. सांगायचं काम माझ्यावर आलं. मी जिन्यात उभी राहून सगळं सांगितलं, जसं झालं तसं. ती ऐकत होती, गुडघ्यावर हात फिरवत होती. मला वाटलं आता रडेल नाहीतर आकांत करेल. ती मोरीकडे तोंड करून म्हणाली, "साबन लावा हाताले. भिंतीले ग्रीस लागते." मग मला म्हणाली, "चहा मांडता का बाई? मले उठवत नाई."

मी चहा मांडला. पण त्या दिवसापासून अजाबभाऊंशी माझं बोलणं कामापुरतंच राहिलं.

वर्षानं नंतर खूप धडपड केली. कधी साखर वाढलेली निघाली, कधी आणखी काही. गुडघा राहून गेला तो गेलाच. मध्ये देशमुखांनी तिच्या फोनवर फोटो पाठवला. सायकल परत भिंतीवर टांगलेली, मागच्या चाकात चकचकीत हब. मोठ्या मनानं पाठवला असणार, की तुमची वस्तू मी जपून ठेवली. वर्षानं तो बापाला दाखवला. ते बराच वेळ पाहत राहिले. म्हणाले, "टांगली." आणि फोन उलटा करून गल्ल्यावर ठेवला. मग दिवसभर एकही गिऱ्हाईक त्यांनी धड बोलून पाठवलं नाही.

डॉक्टरनं गुडघ्यात सुई द्यायला सांगितली होती. त्यासाठी इंदूबाईला दवाखान्यात नेणं भाग होतं. रिक्षा बोळीत येत नाही. ती जिन्यावरून बसून बसून, एक एक पायरी खाली सरकायची. खाली हे सायकल धरून उभे. मागच्या कॅरिअरवर गोधडीची घडी बांधलेली. ती एका बाजूला पाय सोडून बसायची आणि हे सायकल हातानं ढकलत न्यायचे, चढायचे नाहीत. सगळ्या रस्त्यानं ती बोलत राहायची. इकडून घ्या, तिकडे खड्डा आहे, ब्रेक लावा, एवढ्या जोरानं काहून लावला. बोळीतले लोक म्हणायचे, या वयात केवढं प्रेम आहे पाहा. मी म्हणायचे, प्रेम असेल नाहीतर नसेल, गुडघा असता तर पायानं गेली असती.

अजाबभाऊ गेले ते थंडीत, झोपेतच. इंदूबाई वर्षाकडे अकोल्याला राहते. तिथे जिना नाही.

ते गेले त्याच्या थोडे दिवस आधी मी त्यांना नीट पाहिलं, ते शेवटचं. दवाखान्यातून परत आले होते. सायकल माझ्या दारासमोर थांबवून म्हणाले, "वैनी, जरा गाडी धरा." मी बाहेर येऊन हँडल धरलं. त्यांनी इंदूबाईला उतरवलं, जिन्यापाशी नेलं. मग खाली बसून तिचं पाऊल दोन्ही हातांनी उचललं आणि पहिल्या पायरीवर ठेवलं. मग दुसरं. मग पुढची पायरी. ती भिंतीला धरून वर, हे तिच्या मागे वाकलेले, खांदा तिच्या पाठीला लावून. "ढकलू नोका," ती ओरडत होती. "नाई ढकलत." "मंग हे काय करून राहिले?" "टेकू देऊन राहिलो." "जड आहे का मी?" "आहे." अंधारात दोघंही दिसेनासे झाले, नुसता आवाज येत होता.

मी खाली सायकल धरून उभी. एकदा वाटलं, सोडून द्यावी हातातून. पडू द्यावी तिथेच नालीत. मग स्टँड लावला.

वरून अजाबभाऊ ओरडले, "वैनी, गाडीले कुलूप लावजा!"

ऐकू आलं मला. लावलं नाही.